पाचशेला पास

वैशाली रोकडेने पाच माणसं मागितली होती. आली सहा.

सहावे म्हणजे गोपीनाथ तेंडोलकर सर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण बाकीचे पाच जमवण्याचं काम वैशालीने त्यांच्यावरच सोपवलं होतं. जिथे पाच शिक्षक कामाला बसतात तिथे त्यांच्यावर एक प्रमुख लागतोच, याविषयी सरांना बत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि नऊ वर्षांच्या निवृत्तीत कधी शंका आली नव्हती. दहावीच्या गणिताचे ते अकरा वर्षं मॉडरेटर होते. म्हणजे इतरांनी तपासलेले पेपर पुन्हा तपासणारे. त्यांच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलेला माणूस पत्रिकेतल्या दोन चुका कळून परत येई.

काम सूर्याचं होतं. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंश. त्याच्याभोवती जे विरळ प्रभामंडल पसरलेलं असतं, त्याचं दहा लाखांच्या वर. आगीपासून दूर जावं तसं गार व्हायला हवं. इथे उलटं होतं. वैशालीने हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा तिचे वडील राजरत्न, जे रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले होते, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे चुलीपेक्षा धूर गरम?"

"तसंच समजा."

"का?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

"मग बरंय," राजरत्न म्हणाले. "तुमच्या नोकऱ्या आहेत अजून."

नोकरी मात्र नव्हती. होती ती फेलोशिप, आणि ती मार्चअखेर संपत होती. तिचे मार्गदर्शक डॉ. विनीत टिपणीस यांच्या प्रकल्पात दोन वर्षांची एक जागा निघणार होती. उमेदवार दोन, वैशाली आणि प्रेम. प्रेमने सूर्याचे उद्रेक ओळखणारा संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला होता. तो झपाट्याने काम करी, पण मधूनच चित्रात शिरलेल्या शुक्राला उद्रेक म्हणून नोंदवी. वैशालीचं म्हणणं होतं की प्रोग्रॅमवर किती भरवसा ठेवायचा हे ठरवायला आधी माणसांनी डोळ्यांनी मोजलेली यादी हवी. टिपणीसांनी दोघांना सांगितलं, "एकतीस मार्चपर्यंत ज्याचा पेपर तयार, जागा त्याची." हे त्यांनी दोघांना वेगवेगळं बोलावून, दोघांच्याही खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं.

मोजायचं होतं ते असं. प्रभामंडलातून अधूनमधून तापलेल्या वायूचा अजस्र लोट सुटतो. अवकाशयानावरचा कॅमेरा सूर्याचा तळपता गोळा एका चकतीने झाकतो, त्यामुळे चकतीच्या कडेने बाहेर पडणारा लोट दिसतो. दर बारा मिनिटांनी एक चित्र. लोटाची पुढची कड एका चित्रातून दुसऱ्या चित्रात किती सरकली ते मोजलं की वेग निघतो. लोट पृथ्वीच्या रोखाने असेल तर उपग्रहांना आणि विजेच्या तारांना त्याचा उपद्रव होतो, आणि तो एका दिवसात येणार की चार दिवसांत, हे वेगावर ठरतं. अडचण एवढीच की लोटाची कड म्हणजे काही भिंतीची कड नव्हे. ती धुरकट असते. एकाला इथे दिसते, दुसऱ्याला बोटभर पुढे. म्हणून पाच माणसं. पाचांचे आकडे किती फाटतात, त्यावरून आकड्यांवर किती विसंबायचं ते ठरणार होतं.

आधी तिने कॉलेजची मुलं घेऊन पाहिली. त्यांनी पहिल्या दिवशी सर्टिफिकेट कधी मिळणार ते विचारलं, चाळीस उद्रेक मोजले आणि उरलेले दोनशे अंदाजाने भरले. मग तिला शाळेतले तेंडोलकर सर आठवले. एकच उत्तर दोनशे चाळीस वेळा तितक्याच मन लावून वाचणारी माणसं जगात एकाच व्यवसायात तयार होतात.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी ही मंडळी डोंबिवली पूर्वेला, सरांचा जुना विद्यार्थी कमलेश याच्या क्लासमध्ये जमली. दुपारी एक ते चार वर्ग रिकामे असत. ठाण्याहून, कोपरीतून, मराठीच्या शालूबाई आल्या. चित्रकलेच्या मंजुळाबाई आल्या. पी.टी.चे रतन भोईर सर ठाकुर्लीहून स्कूटरवर आले. कल्याणहून विज्ञानाचे दोन शिक्षक आले, जे एका शाळेत सव्वीस वर्षं होते आणि त्यांतली एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. ते एकाच गाडीने आले आणि दोन टोकांच्या बाकांवर बसले.

चित्रं पडद्यावर बघायला सगळ्यांनी नकार दिला. कागदावर हवीत. वैशालीने ती छापून आणली, सोबत सूचनांचं पान. एकट्याने मोजा. दुसऱ्याचं बघू नका. जे दिसतं तेच लिहा. तेंडोलकर सरांनी तीनही सूचना चष्मा वर-खाली करून वाचल्या.

"हे आम्हाला सांगायला नको," ते म्हणाले. "आणि हे खाली काय? पाचशे?"

"सेकंदाला पाचशे किलोमीटर किंवा जास्त वेग असेल तर 'जलद' मध्ये टाकायचं, कमी असेल तर 'मंद' मध्ये. फक्त वर्गवारीसाठी, सर."

"समजलं," सर म्हणाले.

त्यांना खरोखरच समजलं होतं. काय समजलं होतं, ते वैशालीला मार्चमध्ये कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी कमलेशच्या संगणकावरून बाराशे आकडे आले. पाच रकाने, दोनशे चाळीस ओळी, एकही जागा रिकामी नाही. वैशालीने पहिली ओळ वाचली. चारशे बारा, चारशे दहा, चारशे बारा, चारशे अकरा, चारशे बारा. दुसरी वाचली, तिसरी वाचली. पाच वेगवेगळी माणसं, त्यांतल्या एकीला मोतीबिंदू, आणि आकड्यांत फरक दोनाचा.

टिपणीस खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नसत.

"अगं, हे परदेशातल्या टीमला जमलेलं नाही! त्यांचे आकडे दीडशे-दीडशेने फाटतात. कोण आहेत कोण ही माणसं?"

"निवृत्त शिक्षक आहेत, सर. डोंबिवली-कल्याणचे."

"जुनी पिढी," टिपणीस म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत त्यांनी जुन्या पिढीला थोडा वेळ दिला. मग ते पुन्हा पडद्याकडे वळले, कारण आता तिथे आलेख उमटला होता. किती वेगाचे किती उद्रेक, त्याचे उभे खांब. खांब चढत चढत चारशे सत्तरपर्यंत गेले होते. त्यानंतर काहीच नव्हतं. चारशे सत्तर ते चारशे नव्व्याण्णव, एकही उद्रेक नाही. आणि पाचशेवर एकदम एक उंच सुळका.

"दरी," टिपणीस हळूच म्हणाले.

"सर, बरोब्बर पाचशेवर तेवीस आहेत. हे जरा—"

"माणूस गोल आकड्याकडे झुकतो, त्याचं सोड. दरी बघ! म्हणजे उद्रेक दोन जातींचे आहेत. मंद वेगळे, जलद वेगळे. मधली अवस्थाच नाही. निसर्गाने रेघ ओढलीये, वैशाली, आणि ती आपल्याला दिसलीये."

चार दिवसांत पेपरचा मसुदा तयार झाला. एरवी टिपणीसांना एका परिच्छेदाला तीन आठवडे लागत. मसुद्यात तळाशी एक टीप होती. सहलेखिकेच्या सूचनेवरून या अंतराला 'टिपणीस दरी' म्हणावे असा प्रस्ताव आहे. सहलेखिकेने ही सूचना पहिल्यांदा वाचली ती तिथेच.

"जागा तुझीच समज," टिपणीस म्हणाले. "प्रेमला मी सांगेन. चांगला मुलगा आहे, पण शुक्र म्हणजे उद्रेक नव्हे."

शनिवारी दुपारी वैशाली ठाकुर्लीच्या घरी जेवणाच्या टेबलावर तो आलेख पसरून बसली होती. जागा मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठे अडलाय ते ती शोधत होती. राजरत्न पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभे राहिले. निवृत्तीनंतर ते विहारातली अभ्यासिका चालवत. दर वर्षी निकाल लागला की वस्तीतल्या सगळ्या मुलांचे गुण ते फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहीत.

"हा कुठल्या सालचा निकाल?" त्यांनी विचारलं.

"निकाल नाही, पप्पा. सूर्याचे उद्रेक आहेत."

"असेल. पण हा दहावीचा गणिताचा निकाल आहे." त्यांनी सुळक्यावर बोट ठेवलं. "एवढी वर्षं फळा लिहितोय मी. बत्तीस, तेहेतीस, चौतीस कुणालाही नसतात. एकाही पोराला नाही. आणि पस्तीसवर ही गर्दी. का? तर तेहेतीसवाल्याला वर ओढतात. चांगलंच आहे ते, दोन मार्कांसाठी पोराचं वर्ष का घालवायचं? पण सूर्याला कोण ओढतंय?"

वैशालीने आलेखाची घडी घातली आणि चपला शोधल्या.

मंडळी क्लासमध्येच होती. काम फेब्रुवारीत संपलं होतं, पण सोमवार ते शनिवार एक वाजता घराबाहेर पडायची सवय संपली नव्हती. रतन सर डबा उघडून बसले होते. शालूबाई मंजुळाबाईंना चिंचेची गोळी देत होत्या. कल्याणचे दोघे आपापल्या टोकाला पेपर वाचत होते.

"ये, ये," तेंडोलकर सर म्हणाले. "कुठवर आला आमचा शोधनिबंध?"

"सर, चारशे सत्तर ते पाचशेच्या मधले उद्रेक कुठे गेले?"

"गेले कुठे? आहेत. पास केले."

"पास केले?"

"पाचशेला पास, हे तूच लिहून दिलं होतंस. काठावर अडकलेल्यांना तीसपर्यंत सवलत धरली. तीस जास्त वाटतात, पण सहा टक्केच होतात ते. मी आधी वीस म्हणत होतो. शालूबाईंनी भांडून तीस केले."

"भांडले नाही हो," शालूबाई म्हणाल्या. "अगं, एक होता बघ, एकशे सतरावा. किती धडपडत वर आला होता गं. चारशे एकाहत्तर! एवढ्या लांब सूर्यापासून सुटून यायचं आणि आपण चारशे एकाहत्तर म्हणून 'मंद' लिहायचं? माझा तर हात धजावेना."

"सर्टिफिकेटवर 'मंद' लिहिणं बरं नाही दिसत," मंजुळाबाई म्हणाल्या.

"सर्टिफिकेट कसलं, बाई? सूर्याचा उद्रेक आहे तो!"

"म्हणून काय झालं?"

वैशाली बाकावर बसली. "आणि सगळ्यांचे आकडे एकसारखे कसे?"

"मॉडरेशन," तेंडोलकर सर म्हणाले. ज्या सुरात दुसरा कुणी 'नमस्कार' म्हणेल त्या सुरात म्हणाले. "एकाच पेपरला एकजण चारशे देतो, दुसरा सहाशे, हे खपवून घ्यायचं? मी रोज साडेतीनला सगळ्यांचे कागद घेऊन मध्य काढायचो आणि फरक मिटवून टाकायचो. कधी वाद झाला नाही."

"माझा झाला," कल्याणच्या पहिल्या सरांनी पेपरमागून सांगितलं.

"ज्यांचा झाला त्यांचा मिटवला."

"आणि त्यो इक्काहत्तर नंबरचा विसरला काय?" रतन सर तोंडातला घास सांभाळत म्हणाले. "ह्यो बघ पोरी, त्यो असा गरगर फिरत गेला, गरगर! असा जिम्नॅस्ट माझ्या उभ्या नोकरीत नाय बघितला. त्याला म्या पंधरा खेळाचे दिलंय. राज्य लेव्हलचा व्हता त्यो."

"खेळाचे वाढीव गुण नियमात आहेत," तेंडोलकर सरांनी खुलासा केला. "चित्रकलेचेही. मंजुळाबाईंनी सहा जणांना दिले. जास्त नाहीत."

"ज्यांना आकार होता त्यांनाच दिले," मंजुळाबाई म्हणाल्या. "एक अगदी कमळासारखा उमलला होता. बाकीचे नुसते फिसकटलेले."

वैशालीला एकाच वेळी हसावंसं आणि रडावंसं वाटत होतं. त्यातलं कुठलंही केलं असतं तर शालूबाईंनी पाणी आणलं असतं, म्हणून तिने दोन्ही टाळलं.

"सर, सूर्याला पास-नापास नसतं. तो नुसता असतो. त्याचा वेग चारशे एकाहत्तर असेल तर तो चारशे एकाहत्तरच. उद्या या यादीवर कुणी इशारा दिला, लोट तीन दिवसांनी येतोय म्हणून, तर तो शालूबाईंच्या दयेने लवकर येणार नाही."

तेंडोलकर सरांनी सूचनांचं पान काढलं आणि पाचशेवर बोट ठेवलं.

"बरं. मग हे पाचशे कुणी ठरवलं? सूर्याने?"

"मी."

"कशावरून?"

वैशालीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला आठवलं. टिपणीस फोनवर होते, तिने दारातून विचारलं होतं, त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून म्हटलं होतं, 'कुठेतरी रेघ हवी, पाचशे टाक.'

"गोल आकडा म्हणून," ती म्हणाली.

"म्हणजे सूर्याला पास-नापास नसतं, पण पासिंग तू ठेवलंस." सरांनी हे जिंकल्याच्या आवाजात म्हटलं नाही. गणितात पायरी चुकलेल्या मुलीला ती पायरी दाखवावी, तसं म्हटलं.

वैशाली आलेखाची घडी उलगडत आणि पुन्हा घालत राहिली. एकतीस मार्चला सतरा दिवस होते. बाराशे आकडे वाया गेले होते, पेपर खोटा होता, आणि जागा त्या पेपरची होती. तिने सरळ तेच सांगितलं. जागेचं ऐकताच रतन सरांनी डबा मिटला. शिक्षकांना नोकरीची भाषा लगेच कळते.

"आकडे वाया कशाने गेले?" तेंडोलकर सरांनी विचारलं.

"तुम्ही बदललेत ना, सर."

"बदलले. खोडले नाहीत." त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्यावर कॉपी पुरवल्याचा आरोप केला होता. "मूळ गुण खोडतो का कुणी? मूळ गुणावर एक आडवी रेघ, आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी लाल शाईने नवा गुण, सही, तारीख. कमलेश! कपाट उघड."

कपाटात सुतळीने बांधलेले बारा गठ्ठे होते. प्रत्येक गाठीवर लाखेचं सील. तेंडोलकर सरांनी ते स्वतः सोडले. प्रत्येक चित्राखाली निळ्या शाईत पहिला आकडा होता, त्यावर पट्टी धरून मारलेली लाल रेघ, आणि सही. दोनशे चाळीस उद्रेक, पाच माणसं, बाराशे निळे आकडे, सगळे वाचता येणारे.

सोमवारपासून तीन दुपारी त्यांनी ते आकडे उतरवून घेतले. तेंडोलकर सर वाचत, वैशाली टाइप करी. दुसऱ्या दिवसापासून सर प्रत्येक आकडा चष्मा पुसून वाचू लागले, कारण निळे आकडे भयानक होते. एकाच उद्रेकाला शालूबाईंनी पाचशे ऐंशी दिले होते आणि कल्याणच्या दुसऱ्या सरांनी तीनशे नव्वद. एकशे साठाव्याला रतन सरांनी नऊशे लिहून शेजारी 'शाब्बास' असा शेरा दिला होता. त्यातल्या त्यात जवळ होते ते फक्त कल्याणचे दोघे. एकोणीस वर्षांच्या अबोल्यात एकमेकांच्या कागदाकडे न बघण्याचा सराव त्यांना पक्का झाला होता, आणि तरी त्यांचे आकडे शेजारी पडत होते. हे त्या दोघांना कळलं तेव्हा दोघेही थोडे नाराज झाले.

"एवढी तफावत," तेंडोलकर सर पुटपुटले. "हे बोर्डात झालं असतं तर चौकशी लागली असती."

"हेच हवं होतं मला, सर. ही तफावतच तर मोजायची होती."

नव्या आलेखात दरी नव्हती. सुळकाही नव्हता. एक साधी, बुटकी, दोन्ही बाजूंनी उतरत गेलेली टेकडी होती.

टिपणीसांनी टेकडी बघितली आणि खुर्चीतून उठले नाहीत.

"मूळ आकड्यांत एवढा गोंधळ असेल," ते सावकाश म्हणाले, "तर तो दूर करणं हे कुणाचं तरी काम होतंच ना? त्यांनी केलं. अनुभवी माणसं एकत्र बसली, चर्चा केली, एकमत केलं. याला आपण 'तज्ज्ञांची सहमती' म्हणू. जगभर चालतं."

"त्यातल्या एका उद्रेकाला खेळाचे पंधरा गुण आहेत, सर."

"ते पद्धतीच्या तपशिलात येत नाही."

"कमळासारखा दिसतो म्हणूनही आहेत."

टिपणीसांनी डोळे मिटले. "वैशाली, मी पुण्याच्या परिषदेत दरीबद्दल बोलणार आहे, माझं नाव छापून आलंय. एकतीसला समिती बसतेय. तुझ्याकडे दरी असेल तर तुझा पेपर आहे. टेकडी तर कुणाकडेही असते. मी तुला काही सांगत नाही. तू सुज्ञ आहेस."

तिने रात्र जाऊ दिली नाही. संध्याकाळीच तिने समितीला पत्र लिहिलं, एका पानाचं. लाल आकडे, निळे आकडे, दोन आलेख, आणि लाल आकडे कसे तयार झाले ते, सवलत आणि खेळ आणि चित्रकलेसकट. 'पाचशे ही मर्यादा मीच, कोणत्याही भौतिक कारणाशिवाय, ठेवली होती' हे वाक्य तिने दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा ठेवलं. टिपणीसांना प्रत पाठवली.

समितीच्या बैठकीत टिपणीसांनी सांगितलं की दरीबद्दल त्यांना पहिल्या दिवसापासून शंका होती आणि मूळ आकडे तपासायला त्यांनीच सुचवलं होतं. समितीने त्यांच्या दक्षतेची नोंद घेतली. पुण्याच्या परिषदेत ते 'निरीक्षणांतील मानवी पूर्वग्रह' या विषयावर चाळीस मिनिटं बोलले, आणि म्हणे फार छान बोलले. जागा प्रेमला मिळाली. त्याच्याकडे तयार पेपर होता, आणि शुक्राच्या बाबतीत त्याने तळटीप टाकली होती.

वैशालीच्या पत्राबद्दल इतिवृत्तात एक ओळ होती. पुन्हा स्वतंत्रपणे मोजणी झाल्यास विचार करता येईल. मुदत सहा महिने. विनावेतन.

"म्हणजे पुरवणी परीक्षा," तेंडोलकर सर म्हणाले.

कमलेशने अकरावीच्या फिजिक्सच्या सकाळच्या दोन बॅच वैशालीला दिल्या. त्याचा फिजिक्सचा मास्तर नुकताच दुसऱ्या क्लासने पळवला होता, त्यामुळे उपकार कोण कुणावर करतंय हे दोघांनीही उघड बोलणं टाळलं. एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी दुपारी पुन्हा चित्रं आली, क्रम बदलून, जुने नंबर काढून टाकून. सूचनांच्या पानावर यावेळी एकच ओळ होती, कड जिथे दिसते तिथे खूण करा. वर्गवारी नाही, मर्यादा नाही. वेग वैशाली नंतर स्वतः काढणार होती.

"आणि मॉडरेटर?" तेंडोलकर सरांनी विचारलं.

"नको, सर."

"अजिबात?"

"अजिबात."

सरांनी मान हलवली. त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं, उगाच टोपण उघडून बंद केलं, पुन्हा आत ठेवलं. वैशालीला वाईट वाटलं. पण दरवाजापर्यंत गेलेले सर वळले आणि त्यांनी वर्गावरून नजर फिरवली.

"हे बाक इतके जवळ का?" त्यांनी विचारलं.

रतन सरांनी डबा मांडीवरून बाकाखाली सरकवला.

"रतन सर, तुम्ही खिडकीला जा. मंजुळाबाई, इकडे, फळ्याकडे तोंड करून. शालूबाई मधे एकट्या. कल्याणवाले आहेत तिथे ठीक आहेत. मोबाइल माझ्याकडे द्या. पिशव्या बाहेर. बोलायचं नाही, खुणा नाहीत, शेजाऱ्याला पट्टी द्यायची नाही. काही लागलं तर हात वर."

"ओ सर, माझा डबा तरी ऱ्हाऊ द्या!"

"बाहेर."

डबा बाहेर गेला. तेंडोलकर सरांनी दाराबाहेर खुर्ची टाकली, घड्याळ मांडीवर ठेवलं आणि आत न बघता बसले. पंधरा मिनिटं वर्गात कागदांची सळसळ सोडून आवाज नव्हता. मग मधल्या बाकावरून हात वर झाला. वैशाली जवळ गेली.

शालूबाईंनी दोन चित्रांवर पेन्सिलीने दोन बारीक खुणा केल्या होत्या. दुसरी खूण पहिलीपासून जेमतेम पुढे होती.

"हा बघ गं," त्या कुजबुजल्या. "हा फारच हळू चाललाय. पुढे ढकलू का थोडा?"

"दिसतोय तिथेच ठेवा, बाई."

"वाईट दिसतं गं."

"बोलणं बंद!" दाराबाहेरून आवाज आला.

शालूबाईंनी त्या उद्रेकाकडे एकदा पाहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि पान उलटलं.